झिल्लीची आत्या

अक्का,

गेल्या दिवाळीतलं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि आता ते मला एकट्याला दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय. माझी बाजू मला पाठ आहे. तुझी मांडताना अडखळतो, कारण तू ती कधी नीट मांडलीच नाहीस. चहाची बशी पुढे सरकवायचीस आणि म्हणायचीस, "पंडित, तुमचं चालू द्या."

जळगावच्या शाळेत मी मराठी शिकवतो, संध्याकाळी वाचनालयात बसतो, आणि जे छापलं गेलं तेच टिकतं असं मानतो. म्हणून सुट्टीत धुळ्याला तुझ्याकडे आलो की माझा एकच विषय असायचा. तू इस्पितळात जे केलंस ते लिहून काढ. तू सांग, मी लिहितो. डॉक्टरांच्या मासिकाला पाठवू. नाहीतर तुझ्यामागे ते राहायचं नाही, आणि तुझं नाव तर मुळीच राहायचं नाही. यावर तू विचारायचीस, चहात साखर कमी आहे का?

आता तू नाहीस, आणि लिहायला मीच बसलो आहे. शास्त्राचं मला कळत नाही. मला दिसलं तेवढंच लिहितो. चुकलं तर हसशील, ती सवय मला आहे.

मुंबईचं शिक्षण संपवून तू घरी आलीस तो दुपारचा प्रहर मला आठवतो. यावलच्या आपल्या मळ्यातल्या घराच्या ओट्यावर आई मिरच्या निवडत होती. तू तिला सांगत होतीस की मुंबईच्या प्रयोगशाळेत तुझ्या सरांच्या हाताखाली तू काय करत होतीस. मूल पोटात ज्या पिशवीत असतं, त्या पिशवीचा अगदी आतला पापुद्रा काढायचा, धुवायचा आणि भाजलेल्या सशाच्या पाठीवर पसरायचा. मग जखम पिकत नाही, ठणकत नाही, आणि खालून नवी कातडी धरते. सूक्ष्मदर्शकाखाली तू त्या पापुद्र्यातल्या पेशी पाहिल्या होत्यास. त्या अजून कशाच्याच झालेल्या नसतात, असं सरांना वाटतं म्हणालीस. पुढे काय व्हायचं ते त्यांचं ठरायचं असतं. "बारसं न झालेलं पोर असतं ना आई, तशा."

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तिथंच का राहिली नाहीस? सर तर ठेवून घेत होते ना?

"तिथं ससे बरे होतात," तू म्हणालीस. "माणसं इकडे भाजतात."

आबा तेव्हा उठून केळीच्या बागेत निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी यावलच्या एस.टी. स्टँडवर त्यांनी एका कंडक्टरला गाठून तुझं सगळं शिक्षण त्याला ऐकवलं, गाडी सुटेपर्यंत. आपल्या घरात कुणाला तोंडावर चांगलं म्हणायची रीत नव्हती. कौतुक परक्याला सांगायचं, घरच्यांना नाही. ती रीत मीही पाळली, अक्का. आज मोडतोय.

धुळ्याच्या इस्पितळात तुला भाजलेल्यांचा जो वॉर्ड मिळाला तिथं मी पहिल्यांदा आलो तेव्हा दारातूनच परत फिरलो होतो. मच्छरदाण्यांच्या आत बायकाच बायका. प्रत्येकीच्या कागदावर एकच कारण, स्टोव्ह भडकला. तू नातेवाइकांना बाहेर बसवायचीस आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचीस. उत्तर काय आलं ते मला कधी सांगितलं नाहीस. पण काही बाया बऱ्या झाल्यावर सासरी न जाता माहेरी का गेल्या, ते मला समजत होतं.

त्यांना तू केळीच्या पानावर निजवायचीस. कापड जखमेला चिकटतं, पान चिकटत नाही. पानं आबा यावलहून एस.टी.च्या टपावर पाठवायचे. धुळ्याचे हमाल तुला केळीवाली डॉक्टरीण म्हणायचे आणि तू त्यांना घड मिळणार नाही, पानंच आहेत, असं बजावायचीस. बायांच्या घरच्यांना समजावतानाही तू मळ्यातलंच उदाहरण घ्यायचीस. केळ कापली तरी जमिनीत कंद जिवंत असतो, त्यातून पिल, नवा कोंब, फुटतो. कातडी जळली तरी केसांच्या मुळाशी बी शिल्लक असतं. आपण फक्त वर सावली धरायची. आणि कंदच जळाला असेल तर? असं कुणी विचारलं तर तू खोटं बोलायची नाहीस. मग अवघड आहे, म्हणायचीस. मग मांडीची कातडी काढून लावावी लागते, आणि तीही धरेलच असं नाही.

सावली धरायला तो आतला पापुद्रा, म्हणजे झिल्ली, हवी होती. तुझ्या वॉर्डपासून बाळंतिणींची खोली हाकेच्या अंतरावर, रोज तिथं मुलं जन्मत होती, आणि तुला एक झिल्ली मिळत नव्हती. कारण मुलामागून पडणारी वार घरची असते. मडक्यात घालून, हळदकुंकू वाहून ती घराजवळ पुरायची. तिला कुत्र्यानं उकरलं किंवा कुणी पळवलं तर पोराला पीडा होते. तुझ्याबरोबरचे डॉक्टर तुला वेडी म्हणायचे. पापुद्रा काढून घ्या आणि उरलेली वार मडक्यात बांधून द्या, उघडून कोण बघणार आहे, असं त्यांचं म्हणणं. तुला ते पटलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा तू पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यावर रागावलीस. चोरलेली गोष्ट एकदाच मिळते, म्हणालीस. मला रोज हवी आहे.

म्हणून तू मागायला लागलीस. आईचं रक्त तपासायचीस, मग व्हरांड्यात बसलेल्या सासूसमोर स्वतः जाऊन उकिडवी बसायचीस. पहिले काही महिने बहुतेक जणी नाहीच म्हणाल्या. जेवायला बसल्यावर एकदा तू म्हणालीस, "मुंबईच्या सरांना वाटतं की प्रयोगशाळा आणि रुग्ण यांच्यामध्ये शास्त्र असतं. शास्त्र नसतं रे. एक ओटा असतो, आणि त्यावर सासू बसलेली असते."

विमला आली ती त्या दिवसांत. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्याकडे राहायला होतो, म्हणून हे मी पाहिलेलं आहे. धुळ्यातल्या एका मारवाडी कापडदुकानदाराची मुलगी, लग्नाच्या वयाची. पापड तळताना स्टोव्हनं पेट घेतला होता, आणि तिच्या बाबतीत ते खरं होतं. दोन्ही हात, गळा, छातीचा वरचा भाग. तोंड वाचलं होतं. कंद शाबूत आहे असं तू पाहिल्याबरोबर म्हणालीस, पण जखम पिकली तर हात जातील, आणि कदाचित मुलगीही जाईल. रोज पट्टी सोडताना ती ओरडायची नाही, आपल्या आईचं नाव घ्यायची. आई तिची लहानपणीच वारली होती.

दुसऱ्याची वार तिच्या अंगावर घालायची म्हटल्यावर तिचे वडील हादरले. मी तिथंच बाकावर बसलो होतो. शेठजी हात जोडून म्हणाले, "डॉक्टरबाई, आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही. आणि तुम्ही हे पोरीच्या अंगाला लावणार?"

"कांदा नकोच, शेठजी," तू म्हणालीस. "ज्यात गुंडाळून तुम्ही जन्माला आलात, तेच आहे हे."

शेठजींनी जोडलेले हात सोडले. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली. घेणारा तयार झाला. देणारी नव्हती.

त्याच सकाळी दोंडाईचाकडच्या एका खेड्यातली बाई बाळंत झाली. तिची सासू धनकोरमाय, काटक, हातात तंबाखूची डबी. तू तिच्यासमोर बसून सगळं सांगितलंस. वार तुमची तुम्हाला परत देईन, फक्त आतला पापुद्रा घेईन. मुलगी मरते आहे, एवढंही सांगितलंस. धनकोरमायनं होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. बघू, म्हणाली. तू ते हो धरलंस, आणि तिथंच चुकलीस. तू आत गेलीस, झिल्ली काढलीस, आणि उरलेली वार चांगली मिठाच्या पाण्यानं धुऊन, स्वच्छ पांढरट करून, स्टीलच्या तबकात घालून बाहेर आणलीस. डॉक्टर माणसाची अदब ती. आपल्या हातानं घाणेरडं काही परत द्यायचं नाही.

धनकोरमायनं तबकात पाहिलं आणि तबक मागे सारलं. "हाई आमनी नही. धुयेल वार कोनी बी व्हई."

धुतलेली वार कुणाचीही असेल, हे ऐकून व्हरांड्यात बसलेल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. वार बदलली, अशी कुजबुज सुरू झाली. तुझी झिल्ली आत मिठाच्या पाण्यात तरंगत होती, विमला आत कण्हत होती, आणि तुझ्यासमोर ही बाई उभी होती. मला वाटलं, आता तू शास्त्र समजावशील किंवा रागावशील. तू आत गेलीस आणि झिल्लीचं भांडंच बाहेर घेऊन आलीस. न लावलेली झिल्ली तू तिच्यासमोर ठेवलीस. म्हणालीस, चूक माझी. मी तुमच्या डोळ्यांआड केलं. हीही तुमचीच आहे, घेऊन जा.

त्या घटकेला तू काय पणाला लावलं होतंस ते मला नंतर कळलं. बाई ती झिल्ली मडक्यात घालून निघून गेली असती तर विमलासाठी त्या दिवशी तुझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

धनकोरमाय वाकली. तू चिमट्यानं झिल्ली उचलून खिडकीच्या उजेडात धरलीस आणि ती उजेडात जवळजवळ नाहीशीच झाली. मग ती वारेच्या कडेला टेकवून दाखवलीस. पापुद्रा जिथून सुटला होता तिथं फाटलेली कड कडेला बरोबर बसली. धनकोरमायनं त्या कडेवर बोट फिरवलं. कांद्याची पापडी अशीच निघते म्हणाली, आणि मला शेठजींकडे बघायचं धाडस झालं नाही.

मग तिनं विचारलं, हे कुणाला लावणार? दाखव मला. तू तिला वॉर्डच्या दारापर्यंत नेलंस. मच्छरदाणीतून तिनं विमलाला पाहिलं, केळीच्या पानावर निजलेली, दोन्ही हात अंगापासून दूर पसरलेली.  तंबाखूची डबी तिनं कमरेला खोचली. तिचा प्रश्न मी आजवर शाळेत, वाचनालयात, कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही.

"ते मंग हाई पोर मना नातूनी कोन लागस?"

ही पोर तिच्या नातवाची कोण लागते, असं ती विचारत होती.  उत्तरही धनकोरमायनंच दिलं. तिच्या मुलाला बहीण नव्हती. बारशाला आत्या कुठून आणायची, हा घरात प्रश्नच होता. "लाव तिले. बारसाले हाईज आत्या," ती म्हणाली. आणि अट घातली, की झिल्ली वाळून सुटेल तेव्हा ती फेकायची नाही. आत्यानं स्वतः ती घेऊन यायचं. तोवर बारसं होणार नाही, आणि वार तोवर अर्धीच पुरली आहे असं ती समजेल.

त्यानंतरचे दिवस तू वॉर्ड सोडला नाहीस. झिल्ली हातांवर आणि गळ्यावर बसली. विमलाचा ठणका त्या दिवसापासून उतरला आणि ती झोपली. तू एका हाताचा थोडा भाग मुद्दाम नेहमीच्या पट्टीत ठेवला होतास, दोन्हींतला फरक दिसावा म्हणून. मला ते निर्दयी वाटलं. तू म्हणालीस, हिच्यावर उपकार करायचे आणि पुढच्या शंभर जणींना अंधारात ठेवायचं, हे निर्दयी नाही का? तो भाग शेवटी भरला, उशिरा आणि सुरकुतलेला. बाकी ठिकाणची झिल्ली वाळून कडा सोडू लागली तेव्हा खाली गुलाबी कातडी होती, नव्या पानासारखी. सुटलेले तुकडे तू कापसात ठेवून पितळी करंड्यात घातलेस. वॉर्डातल्या सिस्टरबाईंनी त्यावर कुंकू वाहिलं. तू करंड्याचं झाकण लावलंस.

बारशाला शेठजींनी जीप केली. तू, मी, विमला, शेठजी. वाटेत शेठजी एकदा म्हणाले, आता हिला लग्नासाठी कोण बघणार.  विमलानं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते आणि दोंडाईचापर्यंत ते बाहेर काढले नाहीत. खेड्यात पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. बारसं लांबवलं म्हणून धनकोरमायला त्यांनी बरंच सुनावलं होतं म्हणे. आत्या म्हणून कोण येणार ते त्यांना बघायचं होतं, आणि त्या बघत होत्या. धनकोरमायनं बाळ उचललं, विमलाजवळ गेली, आणि काय ते एवढंच म्हणाली, "हात बाहेर काढ. पदरमा पोर कसं लेशी?"

विमलानं हात बाहेर काढले. बाळ त्या गुलाबी हातांत ठेवलं गेलं. बायकांतली एक म्हणाली की आत्याचे हातसुद्धा बाळासारखेच आहेत, नवे. कुणी हसलं. विमला रडली, आणि मग तीही हसली. तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, पारस. तिच्या घरातलं नाव. दोंडाईचाकडच्या एका शेतकऱ्याच्या पोराचं नाव आजही पारस आहे, आणि त्याला त्याचं काही विशेष वाटत नाही. शेठजी बाहेर ओट्यावर बसून गूळ खात होते. नंतर धनकोरमायनं करंडा घेतला, अंगणात एका जागी माती सारली आणि ते तुकडे तिथं पुरले. आता पुरी झाली, असं ती स्वतःशीच म्हणाली.

परतीच्या वाटेवर तू डोळे मिटून बसली होतीस. मला वाटलं थकली आहेस. आता वाटतं, तू तेव्हा काही तरी शिकत होतीस. त्यानंतर तू झिल्ली कधी आत काढली नाहीस. सासूला पाट देऊन समोर बसवायचीस आणि तिच्या डोळ्यांदेखत काढायचीस. वार न धुता परत द्यायचीस. आणि कुणाला लावणार ते आधी दाखवायचीस. बायांचं नाही म्हणणं हळूहळू बंद झालं. ज्यांच्याकडे आत्या नव्हत्या त्यांनी तर स्वतः येऊन विचारलं.

ज्या वाचल्या नाहीत त्यांचं मला लिहायलाच हवं, नाहीतर तू हा कागद फाडशील. पुष्कळ वाचल्या नाहीत. झिल्लीनं मेलेला कंद जिवंत होत नाही. एकदा झिल्लीच नासली आणि तू स्वतःला माफ केलं नाहीस. एखादी गेली की बाळाच्या घरच्यांना काय सांगायचं हा प्रश्न असायचा, ते अपशकुन धरतील म्हणून. तू त्यांना खरं सांगितलंस. आणि बारशाला तू स्वतः गेलीस. गेलेल्या बाईच्या जागी, आत्या म्हणून. माझ्या मुलीचं नाव तूच ठेवलं होतंस, म्हणून मला वाटायचं की तू फक्त आमची आत्या आहेस. दिवाळीला तू अंगड्या-टोपड्यांचा एवढा ढीग कुणासाठी घेतेस, हे मला फार उशिरा कळलं. तुझ्या हातून न वाचलेल्या प्रत्येक बाईमागे तुला एक भाचा किंवा भाची होती. दहाव्याला ती मुलं आली होती, अक्का. कुणी साक्रीचं, कुणी शिरपूरचं. गुरुजी विचारत होते, बाईंना मूलबाळ नव्हतं ना? 

आणि आता भांडण. गेल्या दिवाळीत मी शेवटचं म्हणालो, निदान तुझं नाव तरी राहू दे. त्यावर तू जे बोललीस ते मला तेव्हा उडवाउडवी वाटलं. तू म्हणालीस, हे माझं नाहीच. सरांच्याही आधी परदेशात कुणी तरी केलेलं आहे, छापलेलंही आहे. मग ते विसरलं का गेलं, हे तुझ्या वाचनालयात शोध. त्या पेशी खरंच काही करतात, की पापुद्रा नुसता सावली धरतो, हेही तुला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नाही ते मी छापू कशी, म्हणालीस. मी म्हणालो, मग तुझ्यामागे हे कोण करील? तू बशी पुढे सरकवलीस.

परवा तुझी खोली रिकामी करायला इस्पितळात गेलो. किल्ली बाळंतिणींच्या खोलीतल्या सिस्टरबाईंकडे होती, म्हणून व्हरांड्यात थांबलो. बाकावर एक सासू बसली होती, फार म्हातारी नव्हे, पायाशी मडकं. सिस्टरबाई नवीन होत्या, बाहेरगावच्या. सासू त्यांना दटावून विचारत होती, "आमनी झिल्ली कोनले लायी? तिले बारसाले बलावनं शे."

झिल्ली तुझ्या वॉर्डातल्यांनी नेली एवढंच सिस्टरबाईंना ठाऊक होतं, बारशाचं काही कळेना. मी पुढे होऊन तिला विचारलं, ही रीत कुणी काढली? माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. तुझं नाव ऐकायला मी थांबलो होतो.

तिनं माझ्याकडे, एवढंही कसं माहीत नाही अशा नजरेनं पाहिलं. "काढाले काय व्हयनं? पहिलेपासूनज शे."

मी किल्ली घेतली आणि तुझ्या खोलीत जाऊन बसलो. अक्का, रीत पहिल्यापासूनच आहे म्हणे, तुझं नाव तिला ठाऊक नव्हतं. मी हरलो, आणि आयुष्यात कुठल्या गोष्टीचा मला इतका अभिमान वाटलेला नाही. बाहेर सिस्टरबाईंचा आवाज येत होता. त्या तिला सांगत होत्या, चला, दाखवते.